स्क्रब्जमध्ये रोज बाळगता येईल असं भरवशाचं पिस्तूल कोणतं? (टेक्सास)

निशिगंध_शुगरलँड

नमस्कार मंडळी. ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला शुगरलँडजवळ माझी आणि एका भागीदाराची फार्मसी आहे. साखळीतली नाही, स्वतःची, छोटी. रात्री दुकान बंद करायची पाळी बहुतेक माझ्याकडेच असते. ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको की कोडीन असलेलं खोकल्याचं औषध इथे सोड्यात मिसळून नशेसाठी पितात, आणि हायड्रोकोडोनच्या वेदनाशामक गोळ्यांना तर रस्त्यावर भाव आहेच. मध्यंतरी एक माणूस पार्किंगमध्ये गाडी लावून आम्ही कधी बंद करतो ते बघत बसायचा. घडलं काही नाही. पोलीस आले, बोलले, तो परत दिसला नाही. पण तेव्हापासून दुकानाच्या दारापासून गाडीपर्यंतचं अंतर फार वाटायला लागलंय.

मी नागरिक आहे, नवरा ग्रीन कार्डवर. त्याला हा विषय आवडत नाही, पण माझा निर्णय मला घेऊ दे इतकं त्याने मान्य केलंय. घरात दोन मुलं, मोठी मुलगी अकरा वर्षांची, धाकटा चार.

बंदुकीच्या एका दुकानात जाऊन आले. काउंटरवरच्या मुलाने मी काही बोलायच्या आत जांभळ्या रंगाची चिमुकली रिव्हॉल्व्हर पुढे केली. म्हणाला, बायका हीच नेतात. तिचा ट्रिगर माझ्याच्याने एका बोटाने पूर्ण ओढवेना. मग त्याने रुगर एलसीपी दाखवली, ती हातात मावली पण धरायला काही उरलंच नाही. शेवटी ग्लॉक ४३एक्स आणि सिग पी३६५. दोन्ही हाताला बरी वाटली, पण स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे खेचताना दम लागला. तो म्हणाला, मग तुम्हाला रिव्हॉल्व्हरच. आम्ही परत जांभळ्यावर आलो!

माझे हात लहान आहेत, दिवसभर बाटल्यांची झाकणं उघडून मनगट दुखतं. कपडे म्हणजे नाडीचे स्क्रब्ज, दवाखान्यात घालतात तसा सैल टॉप आणि पँट, पट्टा नाही. घरी कुर्ता-लेगिंग. रोज, म्हणजे खरंच रोज, अंगावर राहील आणि वेळेला अडकणार नाही असं काय घ्यावं? बंदूक असावी की नसावी हा वाद इथे नको, तो आमच्या घरी रोज जेवताना होतो.

पेठेतला_पाहुणा

वाद नको म्हणालात म्हणून घालत नाही. पण आमच्याकडे पुण्यात मेडिकलवाला रात्री साडेदहाला शटर ओढून शेजारच्या पानवाल्याशी गप्पा मारतो. काय देश आहे तुमचा!

तेवढं एक सांगा, दुकानात कॅमेरे, उशिरा उघडणारी तिजोरी वगैरे आहे ना? की एकदम पिस्तूलच?

रेंजवरचे_अण्णा

पाहुण्यांचा प्रश्न खोचक असला तरी बरोबर आहे, तिथूनच सुरुवात करतो.

ताई, टाइम-डिले तिजोरी नसेल तर पिस्तुलाच्या आधी ती घ्या. कोड दाबल्यावर काही मिनिटांनी उघडणारी, आणि तशी पाटी दारावर. कोडीन आणि हायड्रोकोडोन तिच्यात. लुटायला येणाऱ्याला घाई असते, आणि वाट बघावी लागेल हे दारावरच कळलं की बरेच जण पुढे जातात. तरी कोणी आलाच आणि औषध मागितलं तर देऊन टाका. विमा असतो. पिस्तूल हे काउंटरमागच्या गोळ्या वाचवायला नाही, ते तुम्ही आणि गाडी यांच्यामधल्या अंतरासाठी आहे. हे डोक्यात पक्कं असेल तर पुढचं वाचा.

माझी ओळख एवढीच की किर्लोस्करवाडीला यंत्रांवर हात बसलेला माणूस, नंतर सगळी नोकरी इथे टूल-अँड-डायमध्ये झाली, आणि आता निवृत्तीनंतर सॅन अँटोनियोजवळच्या एका रेंजवर सेफ्टी ऑफिसर म्हणून उभा असतो. नवीन माणसं काय विकत घेतात आणि काही महिन्यांनी तीच काय विकायला आणतात, हे दोन्ही रोज दिसतं. विकायला येणाऱ्यांत चिमुकल्या पिस्तुलांचा ढीग असतो.

कारण यांत्रिक आहे. पिस्तूल लहान म्हणजे स्लाइड हलकी. हलकी स्लाइड गोळी सुटल्यावर फार वेगाने मागे येते, तिला आवरायला कडक स्प्रिंग लागते. म्हणजे जितकं पिस्तूल चिमुकलं, तितकं खेचायला जड आणि गोळीच्या बाबतीत नखरेल. शिवाय वजन कमी म्हणून झटका सगळा हातात. दुकानात खिशात टाकून बघताना ते छान वाटतं, रेंजवर गोळ्यांचं एक मॅगझिन संपेपर्यंत माणूस डोळे मिटायला लागतो.

जांभळ्या रिव्हॉल्व्हरचंही तेच. मी रिव्हॉल्व्हरच्या विरोधात नाही. स्मिथ अँड वेसनची ६४२ ही .३८ स्पेशलची, पाच गोळ्यांची, सुमारे चारशे ग्रॅमची, हॅमर आत लपलेला, म्हणजे कपड्यात अडकत नाही. जुन्या पोलिसांची आवडती. अंगाला चिकटवून झाडली तरी तिचं काम थांबत नाही, पिस्तुलाची स्लाइड अशा वेळी अडू शकते. पण तिचा ट्रिगर सुमारे बारा पौंडांचा. ग्लॉकचा साडेपाच-सहा. म्हणजे दुप्पट. स्लाइड खेचायला मनगटात जोर नाही म्हणून बाईमाणसाला जी वस्तू देतात, तिचा ट्रिगर ओढायला तेच मनगट आणि एकटं बोट लागतं! काउंटरवरच्या पोरांना हे कोण सांगणार. रिव्हॉल्व्हर ही सरावलेल्या माणसाची वस्तू आहे.

आता स्लाइडचं. तुम्ही बहुतेक डाव्या हाताच्या चिमटीत स्लाइडचं मागचं टोक धरून, हात लांब करून, मागे ओढत असाल. नवखे सगळे तसंच करतात. तसं करू नका. पिस्तूल छातीजवळ आणा, नळी समोर सुरक्षित दिशेला, ट्रिगरपासून बोट बाहेर. डावा तळवा स्लाइडच्या वरून टाकून चारही बोटांनी घट्ट पकडा, नळीच्या तोंडापुढे हात जाऊ न देता. आता डावा हात जागेवरच ठेवा आणि उजव्या हाताने पिस्तुलाची मूठ जोरात पुढे ढकला. खेचायचं नाही, ढकलायचं. ढकलताना खांदा आणि पाठ कामाला येतात, चिमटीत नुसती बोटं. झालं की स्लाइड सोडून द्या, हाताने सावकाश पुढे नेऊ नका, स्प्रिंगला तिचं काम करू द्या. रिकाम्या पिस्तुलाने दुकानातच करून बघा. बहुतेकांचं इथेच सुटतं.

ज्यांचं तरीही सुटत नाही, संधिवात वगैरे, त्यांच्यासाठी स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये शील्ड ईझी काढली. पहिली .३८० मापाच्या गोळीची आली, नंतर ९ एमएमची. मॅगझिनमध्ये आठ गोळ्या, स्लाइड खरोखर मऊ, मुठीच्या पाठीमागे एक सेफ्टी जी नीट धरल्याशिवाय दबत नाही. थोडी लांब आहे, पण सडपातळ.

म्हणजे तुमच्यासाठी माझी यादी तीनच. ग्लॉक ४३एक्स, सिग पी३६५, शील्ड ईझी. तिन्ही ९ एमएममध्ये. ९ एमएम पुरते का, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच, म्हणून थोडक्यात. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयचे दोन एजंट गोळीबारात मारले गेले, त्यानंतर त्यांनी गोळी किती खोल जायला हवी याचं माप ठरवलं, जिलेटिनच्या ठोकळ्यात बारा ते अठरा इंच. त्या नादात आधी १० एमएम, मग .४० असं फिरून ते परत ९ एमएमवर आले, कारण आजच्या चांगल्या हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेल्या गोळ्या, ९ एमएममध्येही ते माप गाठतात, झटका कमी आणि नेम लवकर परत बसतो. स्पीअर गोल्ड डॉट किंवा फेडरल एचएसटी, जी मिळेल ती. या विषयावर लोक रात्र रात्र भांडतात. तुम्ही भांडू नका.

ग्लॉक १९ बद्दल सगळे सांगतील. उत्तम आहे, पंधरा गोळ्या, शिकायला तर त्याहून सोपं क्वचितच. पण भरल्यावर साडेआठशे ग्रॅमच्या आसपास, आणि नाडीच्या पँटवर ते दुपारपर्यंत गुडघ्यात येईल. मग ते ड्रॉवरमध्ये जाणार. ड्रॉवरमधलं पिस्तूल पार्किंगमध्ये कामाला येत नाही आणि मुलांच्या हाताला मात्र लागतं.

भरवसा हा शब्द तुम्ही वापरलात. तो कंपनीच्या नावावर नसतो, तुमच्या हातातल्या त्या एका नगावर असतो. नवीन पिस्तूल आणा, साफ करा, साध्या गोळ्यांचे चार खोके म्हणजे दोनशे झाडा, मग ज्या हॉलो पॉइंट बाळगणार त्यातल्या पन्नास. एकदाही अडकलं नाही तर अंगावर घ्या. अडकलं तर आधी मॅगझिनवर संशय घ्या, पिस्तुलावर नंतर. मॅगझिनवर मार्करने १, २, ३ आकडे घालून ठेवा, म्हणजे खोडकर कोणतं ते लगेच सापडतं. दुसरा संशय स्वतःच्या मनगटावर. मनगट सैल राहिलं की पिस्तूल पूर्ण मागेच झुकतं, स्लाइडला ठोकायला घट्ट आधार मिळत नाही, आणि पुंगळी उभी अडकते. मनगट दुखणाऱ्यांना हे हमखास होतं, विशेषतः शेवटच्या खोक्यात दमल्यावर. म्हणून सगळ्या गोळ्या एका दिवशी झाडू नका.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. रोज रात्री पिस्तूल रिकामं करून रोज सकाळी तीच वरची गोळी नळीत चढवली, की तिचं टोक पितळी पुंगळीत कणाकणाने आत सरकतं. आतली जागा कमी होते आणि झाडताना दाब वाढतो. नव्या गोळीशेजारी उभी धरून उंची बघा. कमी दिसली की फेकण्याच्या डब्यात, म्हणजे रेंजवरच्या डब्यात, घरच्या कचऱ्यात नव्हे. यावर सोपा उपाय म्हणजे रोज रिकामं करूच नये, होल्स्टरसकट, म्हणजे ज्या कवचात ते अंगावर असतं त्यासकट, काढून तसंच तिजोरीत ठेवावं.

तुमच्या ह्यूस्टनची हवा म्हणजे भिजलं फडकं. घामाने स्लाइडवर गंजाचे ठिपके येतात. आठवड्याला एकदा तेलाचा हात फिरवा, नळीतली आणि मुठीतली कपड्यांची लव काढा.

होल्स्टरचं मी सांगत नाही, पुरुषाने स्क्रब्जमध्ये काय लावावं यावर बोलणं म्हणजे उगाच. कोणीतरी भगिनी सांगतील. फक्त दोन अटी. ट्रिगरभोवतीची कडी पूर्ण झाकणारं कडक कवच हवं, कापडी नको. आणि पिस्तूल परत आत घालताना घाई शून्य, खाली बघून, सदऱ्याचं टोक आत नाही ना ते पाहून. रेंजवर मला सगळ्यात जास्त ओरडावं लागतं ते या एका गोष्टीसाठी.

वैद्यबाई_प्लेनो

अण्णांनी हाक मारलीच आहे म्हणून. मी घरोघर जाऊन फिजिओथेरपी करते, म्हणजे दिवसभर स्क्रब्ज, वाकणं, पेशंटला उचलणं. ज्या घरी बंदूक आत आणू नका असं सांगतात तिथे आणत नाही, तो त्यांचा हक्क.

नाडीच्या पँटवर क्लिप लावू नका. पँट खाली येते आणि तुम्ही दिवसभर ती वर ओढत राहता, ज्याने सगळ्यांना कळतं. मी पीएचएलस्टर एनिग्मा वापरते. तो स्वतःचा पातळ पट्टा असलेला सांगाडा असतो, कपड्यांच्या आत थेट कमरेला, त्यावर कडक कवच बसवायचं. वरून स्क्रब्ज, लेगिंग, सलवार, काहीही. साडीखालीसुद्धा चालतं, फक्त निऱ्या त्याच्या डावीकडे खोचाव्या लागतात आणि परकराची नाडी वर बांधावी लागते. बसवायला वेळ लागतो. पहिला आठवडा शिव्या घालाल. बसवताना आणि काढताना पिस्तूल कवचात असतं, म्हणजे कवचासकट अंगावर चढतं, हा मला मोठा फायदा वाटतो.

नुसत्या रबरी पोटपट्ट्या मिळतात स्वस्तात, ज्यात कापडाचा खिसा असतो. त्या घेऊ नका. कापडातून ट्रिगर दाबता येतो.

पोटावर बसवायचं की कुशीवर, ते तुमच्या अंगावर अवलंबून. मी बुटकी आहे, बेंबीच्या थोडं उजवीकडे, नळी छोटी. गाडी चालवताना टोचायचं, मग कवचाच्या खालच्या टोकाला फोमचा तुकडा चिकटवला. स्क्रब्जचा टॉप एक माप मोठा आणि रंग गडद. फिकट निळ्यात सगळं दिसतं.

आणि मी पी३६५ बाळगते. माझ्या बोटांना तीच पुरते. ४३एक्सची मूठ उत्तम आहे, पण लांब आहे, वाकलं की टॉपमधून टोक उठतं. तुम्ही काउंटरमागे उभ्या असता, तुम्हाला कदाचित चालेल.

मु_पो_ऑस्टिन

धागा पळवत नाही, एकच शंका. मी एच-वन-बी वर, बायको नागरिक. तिला घ्यायचंय. घरात ठेवता येईल ना? मी रेंजवर भाड्याचं झाडायला गेलो तर?

निशिगंध_शुगरलँड

अण्णा, वैद्यबाई, दोघांचे आभार. पाहुणे, तिजोरी आहे, पण वेळ लागणारी नव्हती. भागीदाराशी बोलले, मागवतोय.

भाड्याने पिस्तुलं देणारी रेंज गाठली. तिन्ही मिळाली. ढकलायची युक्ती इतकी चालली की तिथल्या बाईने विचारलं हे कुठे शिकलात. ४३एक्सची स्लाइड आता येते, दमल्यावर सुद्धा. ईझी सगळ्यात मऊ, पण माझा हात तिच्या पाठीमागच्या सेफ्टीवर कधी कधी नीट बसत नाही, दोनदा दाबूनही गोळी सुटली नाही. पी३६५ चा झटका मला जरा टोकदार वाटला. नेम ४३एक्सने बरा लागला. कागदावरच्या भोकांचा फोटो नवऱ्याला दाखवला, तो म्हणाला, आता तुझ्याशी वाद घालणं बंद.

उरलेले प्रश्न. टेक्सासमध्ये आता परवाना लागत नाही म्हणतात, मग तो वर्ग करायचा का? काही दिवस एनिग्मा जमेपर्यंत पर्समध्ये ठेवलं तर? गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला, देवळात, मुलांच्या शाळेत काय करायचं? आणि डिसेंबरमध्ये भारतात जातोय, तेव्हा घरी कसं ठेवून जावं?

रेंजवरचे_अण्णा

हातावर बसणं हे मापात घ्यायचं, ईझी तुमच्या तळव्यात बसत नसेल तर विषय संपला. ४३एक्स घ्या. दुकानातून घेताना ४४७३ चा फॉर्म भरायचा, ते एफबीआयकडे तपासणी करतात, बऱ्याचदा लगेच होते.

परवाना. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने बंदूक बाळगायला पात्र अशा माणसाला हँडगन बाळगायला एलटीसी (लायसन्स टू कॅरी, म्हणजे बाळगायचा राज्याचा परवाना) लागत नाही, हे खरं. तरीही काढा. चाळीस डॉलर फी, चार ते सहा तासांचा वर्ग, आणि पन्नास गोळ्यांची परीक्षा, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, अडीचशेपैकी एकशेपंचाहत्तर गुण लागतात. तुमचा कागद पाहता सहज पास.

काढायचं कारण शाळा. केंद्राचा कायदा म्हणतो की शाळेपासून हजार फुटांच्या आत सार्वजनिक जागेवर, म्हणजे रस्त्यावरसुद्धा, बंदूक बाळगू नये, रिकामी करून कुलपात ठेवलेली असेल तर वेगळं. राज्याचा परवाना असेल तर त्यातून सूट आहे, परवान्याविना बाळगणाऱ्याला ती नाही. मुलांना सोडायला रोज त्याच रस्त्यावरून जाणार ना? शाळेच्या इमारतीत मात्र परवाना असो नसो, नाही. आणि हे मंडळवाल्यांना मुद्दाम सांगतो, गणेशोत्सवासाठी शाळेचं सभागृह भाड्याने घेतलं असेल तरी ती जागा शाळाच, तिथे नेऊ नये. स्वतंत्र हॉल किंवा देऊळ असेल तर दारावरच्या पाट्या वाचा. ३०.०६ म्हणजे परवानाधारकाने लपवूनही आणू नये, ३०.०७ म्हणजे उघड आणू नये, ३०.०५ म्हणजे परवाना नसलेल्याने आणू नये. दारूच्या गुत्त्यावर लाल ५१ टक्क्यांची पाटी असेल तर सगळ्यांनाच मनाई. प्रसादाच्या रांगेत पिस्तूल कशाला हवं, हे माझं वैयक्तिक मत, कायदा नव्हे. तिजोरीत ठेवून जा. गाडीत सोडायचंच झालं तर सीटखाली नको, मनाईची पाटी असलेल्या जागेबाहेरच्याच गाड्या पहिल्या फुटतात. गाडीच्या सांगाड्याला तारेने बांधलेली छोटी पेटी मिळते, ती बसवा.

पर्स नको. एकदम नको. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावात वॉलमार्टमध्ये एक तरुण आई खरेदी करत होती. परवाना होता, पिस्तुलासाठी वेगळा कप्पा असलेली पर्स होती. ट्रॉलीत बसलेल्या तिच्या दोन वर्षांच्या मुलाने त्या कप्प्यात हात घातला आणि ती जागीच गेली. तुमचा धाकटा चार वर्षांचा. चार वर्षांची मुलं आईच्या पर्समधून गोळ्या-बिस्किटं स्वतः काढून घेतात. एनिग्मा अंगावर बसेपर्यंत पिस्तूल रेंज आणि तिजोरी एवढंच फिरेल.

घरची तिजोरी झोपायच्या खोलीत, भिंतीला बोल्टने, यांत्रिक बटणांची. बोटांच्या ठशांच्या स्वस्त तिजोऱ्यांवर माझा विश्वास नाही, ओल्या बोटाला त्या कधी कधी ओळखत नाहीत. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाताला भरलेली बंदूक लागली तर मोठ्यांवर गुन्हा आहे. अकरा वर्षांच्या मुलीपासून लपवू नका, तिला सांगा. कुठे आहे ते नाही, पण आहे, आणि मैत्रिणीकडे कधी दिसली तर हात न लावता बाहेर यायचं. लपवलेल्या गोष्टी मुलं आधी शोधतात.

ऑस्टिनकर, तुमचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला केंद्राच्या कायद्याने बंदूक आणि गोळ्या, दोन्ही ताब्यात ठेवायला मनाई आहे. एच-वन-बी त्यात येतो. रेंजवर भाड्याने घेतलेली सुद्धा ताबाच. शिकारीच्या वैध परवान्याचा अपवाद कायद्यात आहे, पण त्याच्या भरवशावर पाऊल टाकण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे द्या, इथे विचारू नका. इथे चुकलं तर ग्रीन कार्डाची रांगच संपते. बायकोने घेतली तर तिजोरीचा कोड फक्त तिला, तुम्हाला माहीत नसणं हेच तुमचं संरक्षण. निशिगंधताईंच्या घरी हा प्रश्न नाही, ग्रीन कार्ड असलेल्याला बाळगता येते.

आता भारत. पिस्तूल तिजोरीत राहील, त्याची काळजी नाही. काळजी बॅगेची. ज्या बॅगेतून रेंजवर गेलात ती बॅग विमानतळावर न्यायची नाही, कधीच नाही. एखादी गोळी अस्तराच्या शिवणीत जाऊन बसते, इथून निघताना नजरेतून सुटते, आणि परतताना मुंबईला एक्स-रेवर ठळक दिसते. एक जिवंत काडतूस म्हणजे आर्म्स अॅक्टखाली गुन्हा, विमान सुटतं, आणि पुढे वकील. जाणीवपूर्वक ताबा नव्हता म्हणून उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केलेले आहेत, पण तिथवर पोचेपर्यंत सुट्टी, नोकरी, झोप सगळं जातं. रेंजची बॅग वेगळी, भडक रंगाची घ्या आणि ती गॅरेजमध्येच ठेवा. जॅकेटचे खिसेसुद्धा उलटे करून बघा, थंडीत लोक गोळ्या तिथे टाकतात.

पेठेतला_पाहुणा

मी टोमणा मारायला आलो होतो, शेवटपर्यंत वाचून काढलं. अण्णा, पिस्तुलाला गंज लागू नये म्हणून तेल कोणतं म्हणालात? शिवणयंत्राचं चालतं का? घरी आजोबांची परवान्याची बारा बोअर आहे, दर निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करून आणायची. दरवेळी थोडी जास्त तपकिरी होऊन येते.

रेंजवरचे_अण्णा

चालतं, पण पातळ थर. लाकडाला लावू नका, दस्ता काळा पडतो. ठाण्यात देताना नळीतून तेलाचं फडकं फिरवून द्या आणि पावतीवर स्थिती लिहून घ्या. परत आली की झाडायच्या आधी नळीत आरपार उजेड दिसतो का बघा. गांधीलमाशा घर करतात.

निशिगंध_शुगरलँड

४३एक्स घेतली. पहिले दोन खोके झाले, एकदा पुंगळी उभी अडकली, दुसऱ्या खोक्याच्या शेवटी, मनगट दमलेलं होतं. २ नंबरचं मॅगझिन होतं, त्याच्यावर लक्ष ठेवून आहे. एलटीसीचा वर्ग पुढच्या शनिवारी. एनिग्मा आलाय, वैद्यबाई, शिव्या सुरू झाल्यात. फोमचा तुकडा किती जाड?

आणि एक, रेंजवरून आले की धाकटा धावत येऊन मिठी मारतो. कपड्यांवर बारूद-शिसं असतं का काही?

वैद्यबाई_प्लेनो

अंगठ्याइतका जाड, योगा मॅट कापून. टोकाला जास्त, वरच्या बाजूला निमुळता.

शिसं असतं, आणि लहान मुलांना ते फार वाईट. बंद रेंजवर तर हवेतही असतं. मी निघतानाच साबणाने हात, तोंड धुते, थंड पाण्याने. डी-लेड नावाचा साबण मिळतो, तो उत्तम. घरी आल्यावर बूट गॅरेजमध्ये, कपडे थेट मशीनमध्ये वेगळे, मग आंघोळ. मिठी त्यानंतर. मुलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर दारातच रडारड होते. माझा मोठा दारातून विचारतो, "आई, धुतलीस का?"